हात लावायला माणूस

मी लिहायला बसले असं म्हणायची सोय नाही. मला बसवलं आहे. पाठीशी दोन उशा, पोटावरून जुन्या लुगड्याचा पट्टा घेऊन मागच्या खांबाला बांधलेला, मांडीवर पाट आणि पाटावर कागद. वहिनी बसवून गेली आणि जाता जाता म्हणाली, "वन्सं, आता जरा वेळ हाक मारू नका हं, भाकरी तव्यावर आहे." तेवढा वेळ माझा.

ज्यांना स्वतःच्या पायांनी उठता येत नाही आणि तरीही कामावर जायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशी माणसं असतात, दवाखान्यात मी पाहिली आहेत. भेटायला येणारे त्यांना विचारतात, दुखतं का, झोप लागते का, अन्न गोड लागतं का. सकाळी तुम्हाला उठवतं कोण, परसाकडला बसवतं कोण, लुगडं कोण नेसवतं, हे कोणी विचारत नाही. विचारायला लाज वाटते आणि सांगायलाही. माझ्या आजारातला औषधाचा प्रश्न लवकरच मिटला, कारण औषध नव्हतंच. हा दुसरा प्रश्न अजून मिटलेला नाही.

ताप

मुरबाडला मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. लग्न होऊन थोडी वर्षं झाली आणि कुंकू गेलं. सासरच्यांनी स्वयंपाकघरातला कोपरा दाखवला. शहापूरचा माझा भाऊ, आप्पा, तो सगळ्यांशी भांडला आणि त्यानं मला फायनलच्या परीक्षेला बसवलं. नोकरी लागली तेव्हा मी कोणाच्या तरी ताटाखालचं मांजर राहिले नाही. माझा आवाज मोठा, हातात छडी, मुली मला टरकून असत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

भातकापणीच्या दिवसांत ताप आला. तापाचं कोणाला काय वाटतंय? काढा घेतला, पडून राहिले. ताप उतरला त्या सकाळी उठायला गेले, तर पाय आलेच नाहीत. हातानं मांडी उचलून पाहिली. दुसऱ्याच कोणाची तरी मांडी धरल्यासारखी वाटली. आधी मला हसूच आलं. मग शेजारणीला हाक मारली. तिनं पांघरूण बाजूला केलं आणि तोंडाला पदर लावला. अंथरूण ओलंचिंब होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तिचं तोंड बघितलं तेव्हा मी घाबरले.

ठाणं

आप्पानं मोटारीनं कल्याणला नेलं, तिथून आगगाडीनं ठाण्याला. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही पायांना टोचून पाहिलं आणि आप्पाला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "कंबरेखालचं परत येईल अशी आशा धरू नका. जीव राहिला यातच सगळं आलं." आप्पा आत आला, हसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "वेळ लागेल म्हणतात."

मी म्हटलं, "आप्पा, पाय गेलेत. कान नाही गेले."

मग तो खाटेवर बसून मुलासारखा रडला. मला रडू आलं नाही. मी विचारलं, "शाळेचं काय?" तर तो भडकलाच. "अगं, इथं जिवावर बेतलंय आणि शाळेचं काय घेऊन बसलीस!" पण मी तेच घेऊन बसले होते. शाळा गेली की पुन्हा तो स्वयंपाकघराचा कोपरा, आणि या वेळी तर तिथं भाज्या चिरायलाही मी उपयोगाची नव्हते.

दवाखान्यातला दिवस तिथल्या आयाबाईच्या हाकेनं उजाडायचा. "चला, चला, उरका, मला अख्खा वॉर्ड आहे." ती भांडं सरकवायची तेव्हा कोपरानं ढकलायची. तिचंही बरोबर होतं, किती जणींचं करील ती? पण माझं शरीर म्हणजे उरकायचं काम झालं, हे मला तिथं कळलं. शेजारच्या खाटेवर गिरणीतली एक बाई होती. तिचे दोन्ही हात यंत्रात गेले होते. तिला मी भरवायची, आणि माझं पांघरूण घसरलं की ती पायानं वर सरकवायची. ती म्हणायची, "बाय, दोघी मिळून आपण एक धड बाई होतो बघ." ती घरी गेली तेव्हा मी दिवसभर जेवले नाही.

एक गोष्ट तेवढी परत आली. लघवीची जाणीव. हळूहळू, चोरपावलांनी आली. ज्या दिवशी मी वेळेवर आयेला हाक मारू शकले, त्या दिवशी पाय परत मिळाल्यासारखी मी आनंदले. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना यातलं काही समजायचं नाही.

शहापूरचं घर

आप्पानं मला शहापूरला आणलं. वहिनी वाईट नव्हती, आजही नाही. तोंड धुवायला पाणी, वेळेवर भात, अंग पुसणं, सगळं तिनं केलं. मग महिना भरला आणि मला कावळा शिवला.

बाजूला बसणं मी कळती झाल्यापासून पाळत आले होते. धडधाकट होते तेव्हा ते चार दिवस म्हणजे विसावाच. ना चूल, ना पाणी. आता मात्र मला मागच्या पडवीत चटईवर ठेवलं आणि त्यानंतर चौथ्या दिवसाच्या न्हाणापर्यंत कोणाचा हात मला लागला नाही. भात लांबून वाढायचे, पाणी वरून ओतायचे. पण कुशीवर वळवायचं कोणी? खालचं फडकं बदलायचं कोणी? वहिनी दारात उभी राहून डोळे पुसायची. "वन्सं, मी काय करू हो? घरात देव आहेत, लेकरं आहेत." मीही तिला "ये, शिव मला" म्हटलं नाही. मलाही ते पापच वाटत होतं. दोघींची तोंडं एकाच धर्मानं बांधलेली.

चौथ्या दिवशी तिनं मला न्हाऊ घालताना पालथी केली आणि "आई गं" म्हणून मागं सरली. माकडहाडावर कातडी उरलीच नव्हती. नंतर वैद्याचा लेप, कडुलिंबाचं पाणी, सगळं केलं. जखम भरत यायची आणि पुढच्या चार दिवसांत पुन्हा सडायची. दर महिन्याला थोडी खोल. शेवटी तिचा वास घरभर यायला लागला. भाचरं माझ्या पडवीकडे फिरकेनाशी झाली. वैद्य आप्पाला म्हणाला की हाडाला लागली तर बाई जाईल.

तुम्हांपैकी कोणी पडून असाल तर हे ऐका. लाज सोडा आणि पाठ रोज कोणालातरी दाखवा. जखम आपल्याला दिसत नाही, आणि ज्यांना दिसते ते आपलं मन राखायला गप्प बसतात.

मी आप्पाला सांगितलं, "मला मुरबाडला पोचव. माझी बिनपगारी रजा संपत आलीय. पगार असेल तर मला हात लावायला माणूस ठेवता येईल. इथं मी मरेन."

"लोक म्हणतील, भावाला जड झाली म्हणून घालवली."

"म्हणू देत. मेल्यावरही म्हणतीलच काहीतरी."

चांगुणा

मुरबाडला पोचल्यावर माणूस मिळालं ते पलीकडच्या गावातली कुणब्याची सून, चांगुणा. उंच, रुंद खांद्यांची, डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून पळणारी. तिचा नवरा तानशाच्या पाण्याच्या नळावर कामाला, राहायलाही तिकडेच. सासू भिवराबाई तिला घेऊन आली आणि बाजारात म्हैस पाहावी तशी मला चहूबाजूंनी पाहून घेतली. "अंगानं भरलेली हाय गो बाई," ती सुनेला म्हणाली. "उचलवंल का तुला?"

चांगुणा लगेच पुढं आली. माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली. "धरा मानंला." मी हात टाकले आणि ती उठली. किती दिवसांनी मी माणसाच्या उंचीवरून जग पाहिलं! खिडकीतून रस्ता दिसला, समोरची चिंच दिसली. मला हुंदका आला. ती म्हणाली, "रडताव कशाला? पाडीत नाय मी."

ती सकाळी यायची आणि दिवस मावळायच्या आत घरी जायची. भांडं देणं, धुणं, जखम साफ करणं, लुगडं नेसवणं. निजलेल्या बाईला नऊवारी नेसवून बघा, म्हणजे कळेल. पहिल्या दिवशी तिनं मला पेंढीसारखी गुंडाळली. मी ओरडले, "अगं, काष्टा कुठाय? मुली हसतील मला!" ती म्हणाली, "वर्गात तुमी मास्तरीन. हितं मी." आम्ही कचाकचा भांडायचो. ती दातांना मिश्री लावायची, मला तो वास सोसायचा नाही. मी सारखी सूचना द्यायची, ते तिला सोसायचं नाही. पण जखमेला हात लावताना ती कधी तोंड वाकडं करत नसे.

सुतारानं माझ्या खुर्चीला पुढून आडवी फळी मारून दिली, मी तोंडावर पडू नये म्हणून. चांगुणा मला पाठुंगळीला घेऊन शाळेत न्यायची आणि खुर्चीत ठेवायची. मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे, वर्ग सुटेपर्यंत भांड्याची गरज पडू नये म्हणून. ओठ फुटायचे. छडी मात्र पूर्वीसारखीच चालायची.

दिपोटी

शाळा तपासायला दिपोटी आले. त्यांनी मुलींना हिशेब घातले, वाचून घेतलं. मग मुलींना बाहेर पाठवून मला म्हणाले, "बाई, वर्ग उत्तम आहे. पण तुम्हाला आणतं कोण?"

"एक बाई आहे, साहेब."

"ती आली नाही तर?"

"येते."

"हे पाहा, वर तक्रार गेली आहे. मी तुमच्या बाजूनं लिहीन. पण शाळा एक दिवसही बंद राहता कामा नये. राहिली तर दुसरी बाई नेमावी लागेल. दया म्हणून जागा अडवून ठेवता येत नाही."

माणूस कठोर नव्हता, खोटंही बोलत नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. कारण महिना भरत आला होता. चार दिवस चांगुणा मला शिवली तर तिला घरात पाऊल टाकता येणार नव्हतं, भिवराबाई तिला पुन्हा पाठवणार नव्हती. आणि नाही शिवली तर शाळा बंद.

मी हे चांगुणाला सांगितलं. ती जखमेवरचं फडकं पिळत होती. वर न बघता म्हणाली, "त्यात काय? मीबी बसते की तुमच्यासंग."

"म्हणजे?"

"बाजूला बसलेल्या दोघींना एकमेकींचा इटाळ हाय का?"

अगं बाई! नसतोच की. बाहेरची बाहेरचीला खुशाल शिवते. लहानपणी आम्ही बहिणीबहिणी पडवीत एकाच चटईवर झोपायचो. चांगुणाचे आणि माझे दिवस तसे मागेपुढेच यायचे. जिला आधी कावळा शिवेल तिच्याबरोबर दुसरीनंही बसायचं, असं ठरलं. चांगुणा घरी निरोप धाडायची की मी बाईंच्या मागल्या पडवीत बसलेय. भिवराबाईला त्यात बरंच होतं, घरातला विटाळ परस्पर टळायचा. त्या दिवसांत चांगुणा मला मागच्या बोळातून शाळेत न्यायची. मुली पाट्या लांबूनच उंच धरून दाखवायच्या. हे सगळं लोकांदेखत चाललं होतं आणि कोणी बोट ठेवू शकत नव्हतं.

मला पाप वाटायचं. मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागायची आणि मग चांगुणाला विचारायची, "बघ गं, जखम किती राहिली?" ती बोटानं पाठीवरच गोल काढून दाखवायची. गोल दर महिन्याला लहान होत गेला. एक दिवस ती म्हणाली, "मिटली वो बाई," आणि दोघी मोठ्यानं हसलो.

म्हशाच्या जत्रेनंतर

पौषात मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते, बैलांच्या बाजाराची. चांगुणाचा नवरा तेवढ्यासाठी वर्षातून एकदा घरी यायचा, बैल बघायचा आणि परत तानशाला जायचा. त्या वर्षीही आला, थोडे दिवस राहिला, गेला. चांगुणा खुशीत होती. पुढं माघात आम्ही नेहमीसारख्या बसलो, फाल्गुनात बसलो, चैत्रात बसलो. एकदोनदा तिनं उलटी केली. मी विचारलं तर म्हणाली ऊन लागलं. माझं लक्ष माझ्या पाठीकडे आणि शाळेकडे. मला काही उमगलं नाही.

वैशाखात शाळेला सुट्टी लागली आणि एका सकाळी ती डोळे सुजवून आली. काखेत गाठोडं होतं.

"मला घरातून काडलंय."

"का गं? काय झालं?"

तिनं पदर बाजूला केला. पोट दिसत होतं. भिवराबाईनं तिला न्हाताना पाहिलं होतं आणि महिने मोजले होते. मुलगा पौषात गेला. त्यानंतर माघात सून बाजूला बसली, फाल्गुनात बसली, चैत्रात बसली. सगळ्या गावानं पाहिलं. मग हे पोर कोणाचं?

"चांगुणा, मग ते..." मला पुढं विचारवेना.

"त्याचंच हाय. जत्रंचं. माघापासून मी भायेर नव्हतीच वो. तुमच्यासाठी बसत व्हते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय केलं असतं? पोटुशी बाई बाजूला बसंल का? मंग तुमाला शिवनार कोन? शाळा गेली असती तुमची."

"अगं मग घरी खरं सांगायचंस ना!"

"सांगितलं. आत्या म्हनते, पोट दिसल्यावर सुचलं तुला." मग तिनं नाक पुसलं आणि कोपऱ्यातली केरसुणी घेतली. "जाऊ द्या. मी आता हितंच ऱ्हाते. रातदिस. तुमालाबी बरं पडंल."

सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं. आनंद. आता सकाळी ती येते की नाही म्हणून वाटेकडे डोळे लावायला नकोत. रात्री कुशीवर वळवायला माणूस असेल. दिपोटी कधीही येवो. जिच्यावाचून माझी नोकरी चालत नव्हती ती कायमची माझ्या घरात आली होती, आणि त्यासाठी मला फक्त गप्प बसायचं होतं. गाव आपोआप बाकीचं करणार होतं.

ती केर काढता काढता थांबली, भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि परत वाकली. ते पोर जन्माला येणार, आणि मुरबाडच्या रस्त्यावर त्याला लोक काय म्हणून हाक मारतील ते मला ठाऊक होतं. तसली दोन पोरं माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभी असायची, आत यायला धजावत नसत.

मी म्हटलं, "गाडी सांग. तुमच्या गावाला जायचंय."

ती माझ्याशी भांडली. "तुमी नका बोलू. आत्यानं मला परत घेतली त ती हिकडं परत धाडायची नाय. समजतंय ना?"

"समजतंय. गाडी सांग."

भिवराबाईच्या अंगणात

बैलगाडी अंगणाच्या तोंडाशी थांबली. मला उतरवणार कोण? परकी विधवा बाई, तिला गडीमाणसं हात लावेनात. शेवटी चांगुणाच पुढं आली, गाडीच्या साटीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "धरा मानंला." तिच्यावर आळ, तिच्याच पोटात पोर, आणि तिची साक्ष द्यायला आलेली मी तिच्याच पाठीवर. अंगणातल्या बायका बघत राहिल्या. तिचा श्वास मला माझ्या छातीला लागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडवीत भिवराबाई होती, भावकीतला एक म्हातारा होता आणि तानशाहून बोलावून घेतलेला चांगुणाचा नवरा. तो खाली मान घालून भुईवर रेघा ओढत होता. मी सगळं सांगितलं. एकत्र बसायचं आम्ही कसं ठरवलं, का ठरवलं, माघापासून ती खोटीच बसत होती. आवाज वर्गात लावते तसा लावला होता, तरी मध्येच फाटला.

भिवराबाई म्हणाली, "तुमच्या पायी माझ्या घराला खोटं शिकवलंत व्हय? आनि ह्ये तरी खरं कशावरनं?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. मी म्हटलं, "भिवराबाई, मला आत न्या. तुम्ही एकट्याच या."

आत चांगुणानं मला पालथी केली आणि लुगडं सोडलं. मी म्हटलं, "बघा. शहापूरला सख्ख्या भावाच्या घरी चार-चार दिवस कोणी हात लावला नाही, तेव्हा हे झालं. तुमच्या सुनेनं एकही दिवस चुकवला नाही, तेव्हा हे भरलं."

 मग खरबरीत बोटं पाठीला लागल्याचं मला वरच्या अंगाला जाणवलं. खाली जाणवत नाही. ती बोटं खाली सरकली असावीत, कारण ती म्हणाली, "मूठ जाईल एवढं व्हतं गो ह्ये." आणि मग, "जनावरालाबी कुनी असं टाकीत नाय."

ती बाहेर गेली. म्हातारा तिला समजावत होता, बाई सुनेची बाजू घेणारच, तिच्याच हातून सगळं करून घेतलंय ना. तर भिवराबाई त्याच्यावर उसळली. "आरं, डोकं हाय का तुला? गप बसली असती त पोरगी आयती घरात मिळत व्हती तिला, जलमभराची! तरी आली ना हितं?" मग मुलाकडे वळून तिनं विचारलं, "तुजं काय म्हननं?"

तो पहिल्यांदाच बोलला. "पोर माजंच हाय. मी कवाच बोललो. तू ऐकून कुठं घेत व्हतीस?"

भिवराबाई आत आली. चांगुणाला म्हणाली, "चुलीकडं जा. सकाळपासून उपाशी असशील." आणि मला म्हणाली, "बाई, तुमी खरं बोललाव, देव तुमचं भलं करो. पर आता ही तुमच्याकडं यायची नाय. पोटुशी हाय. आनि पुढंबी नाय. असलं खोटं माझ्या घरात पुन्ना नको."

मी म्हटलं, "बरं."

मला परत गाडीत चढवलं ते भिवराबाईनं आणि शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांनी मिळून, ओढत, आपटत. चांगुणाला तिनं चुलीपासून उठू दिलं नाही.

नंतर

शाळा उघडली. मी एक म्हातारी ठेवली, तिला मी उचलवत नव्हते. मग एक जाडजूड बाई मिळाली, ती उचलायची, पण माझे चार दिवस आले तेव्हा ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "मी लेकुरवाळी हाय बाई, मला नाय जमायचं." मी पडून राहिले आणि खिडकीतून मुलींचा आवाज ऐकत राहिले. त्या शाळेच्या दाराशी बराच वेळ खेळल्या, मग घरी गेल्या. पुढच्या महिन्यातही तेच झालं. त्यानंतर मुरबाडला दुसऱ्या बाई आल्या. चांगल्या आहेत म्हणतात. आप्पा मला पुन्हा शहापूरला घेऊन आला.

मला विचाराल, तर मी पुन्हा गेले असते का त्या अंगणात? गेले असते. पण त्यानं माझं मन शांत आहे असं कोणी समजू नका. माझी शाळा गेली त्याचा राग मला रोज सकाळी येतो. कोणावर करावा ते कळत नाही. भिवराबाईचं चुकलं नाही, वहिनीचं नाही, दिपोटींचंही नाही. कोणाचंच चुकलं नाही आणि मी पडवीत.

पुढच्या पौषाच्या थंडीत मी अशीच मागच्या पडवीत चटईवर होते, बाजूला. भात लांबून आला होता आणि गार होऊन पडला होता. अंगणात कोणीतरी हाक मारली. बघते तर भिवराबाई, आणि तिच्यामागं चांगुणा, कडेवर पोर. तानशाला नवऱ्याकडे निघाल्या होत्या, वाट वाकडी करून आल्या. चांगुणा तडक पायरीपर्यंत आली, तेवढ्यात वहिनी आतून ओरडली, "शिवू नको गं! त्या बाहेरच्या आहेत."

चांगुणा थबकली. तिनं सासूकडे पाहिलं.  चांगुणाचे डोळे भरले.

मी म्हटलं, "असू दे गं. लांबूनच दाखव. मुलगा का?"

"मुलगा," ती म्हणाली. तिनं त्याचं तोंड माझ्याकडे केलं. तो आपला टकामका पडवीच्या आढ्याकडे बघत होता.

भिवराबाई पायरीवर बसली, गुडघे चोळले आणि सुनेला म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? अंगडं काड त्याचं. नागड्या पोराला इटाळ नस्तो."

चांगुणानं टोपडं काढलं, अंगडं काढलं, कंबरेचा करगोटासुद्धा सोडला. मग त्याला माझ्या चटईच्या कडेला ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली. थंडीनं तो आक्रसला आणि रडायला लागला. मी हात लांब करून त्याला ओढून मांडीवर घेतलं. मांडीला काही कळलं नाही. म्हणून उचलून छातीशी धरलं, वर पदर घेतला. तेव्हा कळलं, किती ऊन असतं त्याचं अंग.